व्याख्येच्या आधी कविता वाचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी वाङ्मयीन संज्ञा आणि साहित्यप्रवाह यांची ओळख करून देणारी एक चौकट काही आठवड्यांपासून प्रसिद्ध होत आहे. ती मी न चुकता वाचते. इंग्रजी साहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे अशा उपक्रमाची किती गरज आहे हे मी जाणते, आणि वृत्तपत्राने त्यासाठी जागा द्यावी याचा मला मनापासून आनंद आहे. चौकटीतली माहिती बहुतेक वेळा अचूक असते. तरीही प्रत्येक भाग वाचून झाल्यावर एक रुखरुख लागून राहते. संज्ञा, तिची दोन ओळींची व्याख्या, एखादे उदाहरण आणि संबंधित लेखकाचे नाव, एवढ्यावर भाग संपतो. विद्यार्थी तो कापून वहीत चिकटवतो आणि आपल्याला ती संज्ञा आली असे समजतो. ती त्याला आलेली नसते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी तपासलेली एक उत्तरपत्रिका माझ्या अजून लक्षात आहे. ‘पॅथेटिक फॅलसी’वर टीप लिहा, या प्रश्नाला त्या विद्यार्थिनीने अगदी निर्दोष उत्तर लिहिले होते. निसर्गावर मानवी भावनांचा आरोप करणे म्हणजे पॅथेटिक फॅलसी, ही संज्ञा इंग्रज समीक्षक जॉन रस्किन यांनी १८५६ साली वापरली, सगळे बरोबर. त्याच प्रश्नपत्रिकेत पुढे रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या ‘पॉर्फिरियाज लव्हर’ या कवितेच्या सुरुवातीच्या ओळी देऊन त्यांवर भाष्य करायला सांगितले होते. त्या ओळींत रात्रीचा पाऊस लवकरच सुरू झाला आहे, वारा घुम्यासारखा आहे, तो केवळ आकसापोटी झाडांचे शेंडे मोडून टाकतो आणि तळ्याला छळण्यासाठी जेवढे करता येईल तेवढे करतो. त्या विद्यार्थिनीने लिहिले, ‘कवीने येथे वादळाचे सुंदर वर्णन केले आहे.’ दोन उत्तरांमध्ये एका पानाचेही अंतर नव्हते, पण पहिल्या उत्तरातली संज्ञा दुसऱ्या उत्तरापर्यंत पोहोचलीच नाही.

खरे तर ही संज्ञा त्या ओळींवर ठेवून पाहिली की कवितेचे दार उघडते. वाऱ्याला आकस नसतो. मग आकस कोणाचा? वादळाचे वर्णन करणारा माणूस आणि कवी ब्राउनिंग हे एकच नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. बोलणारा आहे तो कवितेतला प्रियकर, आणि पुढे तोच शांत चित्ताने पॉर्फिरियाचा तिच्याच केसांनी गळा आवळणार आहे. पहिल्या चार ओळींत त्याने वाऱ्याच्या माथी मारलेला द्वेष त्याच्या स्वतःच्या मनातला आहे. म्हणजे १८३६ साली छापलेल्या या कवितेत खुनाची पहिली चाहूल हवामानाच्या वर्णनात लागते. हे एकदा दिसले की विद्यार्थी पॅथेटिक फॅलसी जन्मभर विसरत नाही, आणि नाट्यात्म एकभाषितात, म्हणजे एकाच पात्राच्या तोंडी असलेल्या कवितेत, बोलणाऱ्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही, ही दुसरी गोष्टही त्याला न सांगता कळते.

याच संज्ञेची जन्मकथा सांगितली तर ती अधिक पक्की होते. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला शाळेत चेतनगुणोक्ती अलंकार शिकवलेला असतो, त्यामुळे तो पॅथेटिक फॅलसी म्हणजे तीच, असे धरून चालतो. काही जण ‘पॅथेटिक’चा आजचा अर्थ घेऊन केविलवाणी चूक असा बोध करून घेतात. रस्किन यांच्या लेखनात हा शब्द भावनेशी संबंधित एवढ्याच अर्थाने येतो. त्यांनी चार्ल्स किंग्जली यांच्या एका पद्यातला समुद्राचा ‘क्रूर, सरपटणारा फेस’ घेतला आणि स्पष्ट म्हटले की फेस क्रूर नसतो आणि तो सरपटतही नाही. दुःखाने बुद्धीचा तोल गेलेल्या मनाला तो तसा दिसतो. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, की भावना सच्ची असेल तर ही चूक आपण आनंदाने स्वीकारतो, पण भावना नसताना केवळ शोभेसाठी कवीने ती केली तर तिचे काय करायचे? चेतनगुणोक्ती हे अलंकाराचे नाव आहे, तर पॅथेटिक फॅलसी ही एका समीक्षकाने कवींविषयी केलेली तक्रार आहे. व्याख्येतून ही तक्रार गाळली की उरते ती चेतनगुणोक्तीच, आणि मग विद्यार्थ्यांनी दोन्हींची गल्लत केली तर त्यांना दोष देता येत नाही.

बहुतेक संज्ञांचे असेच आहे. कोणीतरी कोणाशी तरी वाद घालत असताना, किंवा समोरच्या एखाद्या कृतीने बुचकळ्यात पडलेला असताना त्या जन्मल्या. इंग्रज कवी कीट्स यांनी ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’ हे शब्द वयाच्या बाविसाव्या वर्षी, डिसेंबर १८१७ मध्ये भावांना लिहिलेल्या एका पत्रात सहज लिहून टाकले. त्यावर त्यांनी निबंध लिहिला नाही, व्याख्याही दिली नाही. अनिश्चितता, गूढ आणि शंका यांत अस्वस्थ न होता राहता येणे, तथ्ये आणि कारणे यांच्या मागे चिडून धावत न सुटणे, एवढेच ते सांगतात. शेक्सपिअर यांच्याकडे ही ताकद होती, असे त्यांना वाटते. आता या पत्रातल्या ओळी न वाचता ‘निगेटिव्ह केपेबिलिटी म्हणजे कवीचे व्यक्तित्वलोपन’ असे चार शब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागते? ज्या वृत्तीचे कीट्स वर्णन करत होते तिच्या नेमके उलट, म्हणजे तयार उत्तराची घाई, आपण त्याला शिकवलेली असते.

अर्धवट उद्धृताने झालेल्या नुकसानीचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र वर्ड्‌सवर्थ यांचे आहे. कविता म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक, हे वाक्य इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह १७९८ मध्ये आला आणि १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत हे वाक्य आहे. पण ते तिथे संपत नाही. त्याच वाक्यात पुढे ‘परंतु’ येते, आणि वर्ड्‌सवर्थ बजावतात की ज्यांना काही मोल आहे अशा कविता केवळ तरल संवेदनशक्ती असलेल्या माणसाने लिहिलेल्या नाहीत, त्या माणसाने दीर्घकाळ आणि खोलवर विचारही केलेला असतो. पुढे ते पुन्हा या विधानाकडे वळतात तेव्हा शांतपणी आठवलेल्या भावनेतून कविता उगम पावते, अशी जोड देतात. गाइडवाल्यांनी ‘परंतु’च्या आधी वाक्य तोडले आणि रोमँटिक कवी म्हणजे मनात आले की लिहीत सुटणारा माणूस, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

ही समजूत पुसण्यासाठी मी वर्गात डॅफोडिल्सची कविता घेते, कारण ती कित्येकांनी शाळेतच वाचलेली असते. वर्ड्‌सवर्थ आणि त्यांची बहीण डोरोथी यांनी तळ्याकाठची ती फुले १५ एप्रिल १८०२ रोजी पाहिली. डोरोथी यांच्या रोजनिशीत त्या दिवसाचे वर्णन आहे, दगडांवर मान टेकवून विसावलेल्या फुलांसह. कविता त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी लिहिली गेली आणि १८०७ मध्ये छापली गेली. रोजनिशीत दोन माणसे चालत आहेत, कवितेत मात्र एक जण ढगासारखा एकटा भटकतो आहे. बहीण कवितेतून गेली कुठे, हा प्रश्न वर्गातल्या कोणीतरी विचारतोच. शेवटच्या कडव्यात कवी कोचावर पडलेला असताना ती फुले त्याच्या अंतर्दृष्टीपुढे पुन्हा चमकतात, हे वाचले की दोन वर्षांच्या त्या अंतराचा अर्थ उलगडतो. कविता फुलांइतकीच आठवण कशी काम करते यावर आहे, हे विद्यार्थी आपणहून बोलून दाखवतात. एवढे झाल्यावर मी फळ्यावर रोमँटिसिझम हा शब्द लिहिते. आधी लिहिला असता तर त्यांनी फक्त ‘निसर्गप्रेम’ असे वहीत उतरवून घेतले असते.

साहित्यप्रवाहांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जावा असे मला कळकळीने वाटते, तो म्हणजे हे नाव दिले कोणी आणि केव्हा? वर्ड्‌सवर्थ, कोलरिज, बायरन, शेली, कीट्स यांनी आपण एका ‘रोमँटिक चळवळी’चे सभासद आहोत असे कधी जाहीर केले नव्हते. त्यांच्या काळातल्या टीकाकारांनी त्यांना वेगवेगळी आणि बहुधा हेटाळणीची नावे दिली होती. वर्ड्‌सवर्थ आणि त्यांचे स्नेही ‘लेक स्कूल’चे ठरले, कीट्स यांच्या गोटाला १८१७ पासून ‘कॉकनी स्कूल’ म्हणून हिणवले गेले, आणि कवी रॉबर्ट सदी यांनी १८२१ मध्ये ‘सेटॅनिक स्कूल’ म्हणून झोड उठवली तिचा रोख बायरन यांच्यावर होता. या सगळ्यांना एका छत्राखाली आणले ते नंतरच्या अभ्यासकांनी. आणि पुढे १९२४ मध्ये आर्थर लव्हजॉय या विचारवंतांनी रोमँटिक या शब्दाचे इतके अर्थ झाले आहेत की आता तो स्वतःहून काहीच सांगत नाही, तेव्हा या शब्दाचे अनेकवचनच वापरावे, असे सुचवले. रोमँटिसिझमची सहा वैशिष्ट्ये क्रमांक घालून पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे जरी कळले तरी त्या सहा क्रमांकांकडे तो सावधपणे पाहू लागेल.

सतराव्या शतकातल्या मेटाफिजिकल कवींची कथा तर याहून बोलकी आहे. जॉन डन १६३१ मध्ये वारले. आपल्याला कोणी मेटाफिजिकल कवी म्हणेल याची त्यांना कल्पनाही नव्हती. डन प्रेमकवितेतही तत्त्वमीमांसेचा सोस धरतात, अशी तक्रार कवी ड्रायडन यांनी १६९३ मध्ये केली, आणि समीक्षक डॉ. जॉन्सन यांनी १७७९ मध्ये कवी काउली यांच्या चरित्रात या साऱ्या कवींना ते नाव देऊन, अगदी भिन्न जातीच्या कल्पना ते बळजबरीने एका जोखडाला जुंपतात, असा ठपका ठेवला. पुढे अभ्यासक ग्रिअर्सन यांनी १९२१ मध्ये या कवितांचे संकलन केले, त्याच्या निमित्ताने टी. एस. एलियट यांनी लेख लिहिला आणि जॉन्सन यांना जो दोष वाटला होता त्यातच या कवींचे बळ आहे, असे दाखवले. एकाच नावाने दीडशे वर्षांत निंदेकडून स्तुतीकडे प्रवास केला. ‘मेटाफिजिकल कन्सीट म्हणजे दूरान्वयी उपमा’ ही व्याख्या या प्रवासाबद्दल अवाक्षर काढत नाही.

आणि ती उपमा तरी आपण नीट बघतो का? प्रवासाला निघालेला डन यांचा प्रियकर आपल्या दोघांच्या जिवांना कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या दोन पायांची उपमा देतो. ती मध्यावर स्थिर, तो फिरता. मी वर्गात एकदा खरेच कर्कटक हातात घेऊन हळूहळू फाकवला होता. फिरता पाय दूर जाऊ लागला की मधला पाय त्याच्याकडे झुकतो, आणि फिरता पाय परत आला की तो ताठ उभा राहतो. डन यांनी नेमके हेच लिहिले आहे. ती घरी नुसती बसून नाही, त्याच्या दिशेने कललेली आहे, कान देऊन आहे. एक मुलगा पटकन म्हणाला, ‘आणि मधला पाय हलला तर वर्तुळ पुरेच होणार नाही.’ कवितेच्या शेवटच्या ओळींचा भावार्थ त्याने ती वाचण्याआधीच सांगितला होता. जॉन्सन यांना ही सांगड बळजबरीची का वाटली असेल आणि एलियट यांना का नाही, यावर त्यानंतर जी चर्चा झाली ती मला कोणत्याही नोट्समधून घडवता आली नसती.

सगळीच नावे बाहेरून चिकटवलेली असतात असे नाही. कवी एझ्रा पाउंड आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःला इमेजिस्ट, म्हणजे प्रतिमावादी, म्हणवून घेतले आणि १९१३ मध्ये आपली तत्त्वे छापूनही टाकली. वस्तूला थेट भिडा, कामाचा नसलेला एकही शब्द ठेवू नका, आणि लय लंबकाच्या ठोक्यावर न बांधता संगीताच्या वाक्यखंडावर बांधा, असे त्यांचे सांगणे होते. याउलट ‘थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’, म्हणजे असंगत नाट्य, हे नाव समीक्षक मार्टिन एस्लिन यांनी १९६१ मध्ये आपल्या पुस्तकातून रूढ केले, तेव्हा बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक पॅरिसच्या रंगमंचावर येऊन आठ वर्षे झाली होती, आणि बेकेट, आयोनेस्को, ॲडामोव्ह, जने हे काही एकत्र येऊन चळवळ चालवणारे लोक नव्हते. संज्ञाप्रवाह (स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस) ही कल्पनासुद्धा मानसशास्त्रातली आहे. विल्यम जेम्स यांच्या १८९० च्या ग्रंथातला तो शब्द मे सिंक्लेअर यांनी १९१८ मध्ये डोरोथी रिचर्ड्‌सन यांच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना वापरला, आणि स्वतः रिचर्ड्‌सन यांना तो आवडला नव्हता. स्वतः घेतलेले नाव आणि दुसऱ्याने दिलेले नाव यांचे वजन सारखे नसते, हे विद्यार्थ्याला सांगायला दोन मिनिटे पुरतात.

कालखंडांची नावे त्या मानाने निरुपद्रवी असतात, पण तीही डोळे मिटून वापरली की फसवतात. ‘एलिझाबेथन नाटककार’ शेक्सपिअर यांची ‘किंग लिअर’, ‘मॅकबेथ’ आणि ‘द टेम्पेस्ट’ ही नाटके राणी एलिझाबेथ १६०३ मध्ये गेल्यानंतरची आहेत. कवी हॉपकिन्स १८८९ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या कविता प्रथम पुस्तकरूपाने आल्या १९१८ मध्ये, त्यामुळे त्यांना व्हिक्टोरियन म्हणावे की त्यांच्या पहिल्या वाचकांच्या पिढीतले, यावर एक अख्खा तास रंगू शकतो.

चुकीच्या व्याख्यांपेक्षा अर्धवट व्याख्या अधिक त्रासदायक ठरतात, असे मी पाहिले आहे. ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स या दोन्हींची ‘यमक नसलेली कविता’ अशी नोंद अनेक वह्यांत आढळते. ब्लँक व्हर्सला यमक नसले तरी छंद काटेकोर असतो, प्रत्येक ओळीत आघाताचे पाच गण, आणि मिल्टन यांचे महाकाव्य त्यातच आहे. फ्री व्हर्स ठरावीक छंदच पाळत नाही. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण संस्कृत श्लोकांत यमकाची सक्ती नसते, पण वृत्त मोडलेले चालत नाही, हे त्याच्या कानाला ठाऊक असते. तोच कान इंग्रजी ओळीकडे वळवायला सांगितले की काम भागते, मात्र त्यासाठी ओळी मोठ्याने म्हणाव्या लागतात. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांच्या नावावर खपवली जाणारी नाटकाची तीन ऐक्ये (कृती, काळ आणि स्थळ यांची) हेही असेच प्रकरण आहे. त्यांचा आग्रह आहे तो कृतीच्या ऐक्याचा, काळाविषयी ते शोकांतिकेची रीत म्हणून ओझरता उल्लेख करतात, आणि स्थळाचे ऐक्य त्यांच्या ग्रंथात नाहीच. तो नियम सोळाव्या शतकातल्या इटालियन भाष्यकारांनी, विशेषतः १५७० मध्ये कास्तेलव्हेत्रो यांनी, पक्का केला. कथार्सिस हा शब्द ॲरिस्टॉटल यांच्या शोकांतिकेच्या व्याख्येत येतो, पण तिथे त्याचा खुलासा नाही. म्हणूनच त्याचा अर्थ वैद्यकातले विरेचन घ्यावा की धर्मविधीतले शुद्धीकरण, हा वाद इतकी शतके चालू आहे. हमार्शिया म्हणजे नायकाच्या स्वभावातला दोष, असे सर्रास लिहून दिले जाते. मूळ क्रियापदाचा अर्थ मात्र नेम चुकणे असा आहे. ग्रीक शोकांतिकेचा नायक ईडिपस हा दुर्गुणी माणूस की आपण कोण आहोत हेच ठाऊक नसलेला माणूस, हे या एका शब्दाच्या अर्थावर ठरते. इतका मोठा प्रश्न ‘दुःखद दोष’ या दोन शब्दांत संपवणे मला क्लेशदायक वाटते.

माझ्या या म्हणण्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप मला माहीत आहे. अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा, परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना हाती धरायला काहीतरी ठोस हवे. यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः अनेक वर्षे नोट्स सांगत आले, आणि त्या उतरवून घेताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मी पाहिलेले आहे. संज्ञा नकोत असे मी म्हणतच नाही. ज्याला काहीतरी जाणवले आहे पण सांगता येत नाही, त्याच्यासाठी संज्ञा आधार असते. पॉर्फिरियाचा प्रियकर वाऱ्याबद्दल असे का बोलतो, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याला पॅथेटिक फॅलसी हा शब्द मिळाला की तो सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रश्नच पडलेला नसेल तर तोच शब्द ओझे होतो. मी क्रम उलटा करण्याविषयी बोलते आहे, आणि त्यात वेळ फारसा वाढत नाही. ब्राउनिंग यांच्या चार ओळी वाचायला व्याख्या पाठ करण्याहून कमी वेळ लागतो.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. चौकटीचे जे भाग अजून यायचे आहेत त्यांत संज्ञेचे नाव आरंभी छापू नये. आधी मूळ ओळी आणि त्यांचा साधा मराठी अर्थ द्यावा, मग त्यात काय विशेष दिसते एवढा एकच प्रश्न विचारावा, आणि संज्ञा, ती कोणी, कोणत्या साली, कशाच्या संदर्भात वापरली यासह, पुढच्या अंकात द्यावी. सुरुवात इमेजिझमपासून करता येईल. पाउंड यांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकावर दिसलेल्या चेहऱ्यांवर आधी तीस ओळींची कविता लिहिली होती, ती त्यांनी नष्ट केली, आणि वर्ष-दीड वर्षाने तिच्या जागी दोन ओळी उरल्या. गर्दीत उमटलेले चेहरे, आणि ओल्या काळ्या फांदीवरच्या पाकळ्या. मूळ इंग्रजीत शीर्षक सोडून चौदा शब्द आहेत आणि त्यांत एकही क्रियापद नाही. त्या दोन ओळींखाली विद्यार्थ्यांना विचारावे की चेहरे आणि पाकळ्या यांच्यामध्ये ‘जणू’ हा शब्द कवीने का घातला नसेल. उत्तरे आपल्याकडे येऊ द्यावीत. ती वाचून त्यांवर टिपणे लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
इंग्रजी साहित्याची एक शिक्षिका